परातीतला शेवटचा गोळा

आधीच सांगतो, मी देवाला हात जोडतानाही इकडेतिकडे बघणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिला हसणार तो मी. म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही... तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. मी साताऱ्याकडचा, बायको मंदा तिथल्याच बोनकोडे गावातली. माहेर इतकं जवळ की सासूबाई चालत यायच्या. जिना चढून दम लागायचा, पण हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या असायच्याच. भाकरीवर त्यांची बोटं उमटलेली असत, तीन पूर्ण आणि एक अर्धं. भात कापताना विळ्यानं त्यांची अनामिका अर्धी गेली होती.

एका सकाळी त्यांनी निरोप पाठवला, "भाकर थापतंय, ये गो खावाला." मंदाचं धुणं पडलं होतं. "उद्या येते," म्हणाली. त्याच दुपारी सासूबाई बसल्या जागी गेल्या.

मंदा रडली नाही. तेरावं झालं तरी नाही. चहाच्या घोटावर राहायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांना रडू द्या." आता मी काय अडवत होतो का? मी रजा टाकली, शेजारी बसून राहिलो, नको ते जोक मारले. एकदाच बोलली, "आयेनं जेवायला बोलावलं होतं, नि मी नाय गेले." दिवसेंदिवस ती वाळत चालली होती आणि मला भीती वाटायला लागली होती. खरंच भीती.

एका रविवारी सकाळी ठरवलं, आपणच भाकरी करायची. माहेरून आलेलं तांदळाचं पीठ डब्यात होतं. ज्वारीची भाकरी मला झकास येते—आमच्याकडच्या पोरांना आया शिकवतातच. त्याच तोऱ्यात गार पाण्यात पीठ मळलं. पहिली थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना तुटली. तिसरीचं नावच काढू नका. वैतागून गॅस बंद केला, उरलेला एक गोळा परातीत तसाच ठेवला आणि आत गेलो.

"मंदा, तुमच्या पिठाला काही धर्म आहे की नाही? सगळ्या फाटल्या."

कितीतरी दिवसांनी तिनं माझ्याकडे तोंड वळवलं. "उकड काढली नाय ना तुमी? उकळत्या पाण्यात पीठ घालायचं असतं. गार पाण्यात कशी होनार?" आणि उठली. माझ्यामागोमाग ओट्याशी आली.

परात रिकामी होती. तव्यावर एक भाकरी होती... गोल, पांढरीशुभ्र, छान भाजलेली. गॅस बंदच.

भाकरीवर चार बोटं उमटली होती. तीन पूर्ण, एक अर्धं.

मंदानं त्या खुणांवर आपली बोटं ठेवली. "आये," म्हणाली आणि खाली बसली. मग जी रडली... मी नुसता तिला धरून होतो. माझेही डोळे वाहत होते, लपवण्यात काय अर्थ आहे. रडून झाल्यावर तिनं ती भाकरी चहाबरोबर खाल्ली, सगळी. मला तुकडासुद्धा दिला नाही, आणि मी मागितलाही नाही.

दाराला आतून कडी होती. मंदा माझ्या डोळ्यांसमोर होती. माझी दहाही बोटं धडधाकट आहेत. आणि गार पाण्यात मळलेल्या त्या पिठाची अख्खी भाकरी होत नाही, हे नंतर मी मुद्दाम करून पाहिलं. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

आता उकड काढायला शिकलोय. रविवारच्या भाकऱ्या मीच थापतो, आणि त्यांच्यावर माझी चारही बोटं पूर्ण उमटतात. मंदाला ते ठाऊक आहे. तरी ताटात भाकरी पडली की आधी ती वळवून बघते, मग घास मोडते.