साडूंच्या मागच्या चाकाचे बोल्ट

लोखंडाच्या एका बोल्टसाठी कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके पालथे घालून घरोघरी माणसं जोडणारा आमच्या साडूंसारखा दुसरा माणूस झाला नाही. आणि त्यांनी जोडलेल्या त्या सगळ्या माणसांना त्यांच्या पाठीमागे फितवणारा माझ्यासारखाही कुणी झाला नसेल. पहिली गोष्ट मी कितीही वेळा कौतुकानं सांगेन. दुसरी सांगताना जीभ जड होते, पण ती वगळली तर साडूंविषयी जे लिहीन ते खोटं ठरेल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर भिवपुरीच्या वीजघरात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पळसदरीजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. येताना त्यांनी दोनच गोष्टी जपून आणल्या, एक आमच्या ताई आणि दुसरी मोटारसायकल. या क्रमाबद्दल ताईंना अजून शंका आहे. ती मोटारसायकल बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, ती विकणारे दुकानदार म्हातारे झाले, तिच्या आवाजाला भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या दोन-तीन पिढ्या संपल्या, तरी गाडी चालूच होती. ती गावात शिरली की आधी निळा धूर यायचा, मग आवाज आणि सगळ्यात शेवटी साडू. लांबून आवाज आला की ताई अंगणातले वाळत घातलेले कपडे गोळा करून घरात न्यायच्या. साडूंना वाटायचं, बायको आपल्या स्वागताला बाहेर येते. त्यांचा हा समज ताईंनी कधी मोडला नाही.

एक दिवस पळसदरीच्या फाट्यावर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई बाजूच्या पायवाटेनं रस्त्यावर आली, आणि साडूंना ती दिसलीच नाही. अगदी शेवटच्या क्षणी ती ओरडली म्हणून त्यांनी गाडी वळवली. बाई वाचली, मोळी विस्कटली, गाडी चरात गेली आणि मागचं चाक दगडावर आपटून चाकाच्या पाच बोल्टांपैकी दोन तुटले. साडू उठले ते आधी बाईची लाकडं गोळा करू लागले. बाई त्यांना मोजक्याच पण जिव्हारी लागतील अशा शिव्या देत उभी होती. साडू म्हणत होते, "बरोबर हाय बाय तुझं." असं मला त्यांनीच नंतर सांगितलं.

पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंचं जग कडेकडेनं झिजत चाललंय. जे गेलं ते परत येणार नाही, थेंब घालून उरलेलं जपायचं, आणि गाडी चालवायची नाही. साडूंनी डॉक्टरांपुढे मान डोलावली. घरी येऊन मात्र म्हणाले की रस्ता समोरच असतो, बाजूला काय बघायचंय, आधी बोल्ट मिळू देत, मग बघू. गाडी पडवीत ठोकळ्यावर चढली, चाक भिंतीला टेकलं. त्या दसऱ्याला गाडीला एक हार आणि चाकाला वेगळा हार असे दोन हार लागले.

त्याच सुमाराला ताईंनी मला मागच्या दारी बोलावलं. त्या मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यांच्यासंगं जात जावा. पण तो बोल्ट गावू देऊ नका."

मी म्हटलं, त्यापेक्षा गाडीच विकायला सांगू.

"इका म्हटलं तर जेवायचं सोडतील. गावत नाय म्हटलं तर आशेवर जेवतील तरी. गाडी सुरू झाली ना भावजी, तर मी रोज दारात उभी राहीन. त्या बाईसारखी समदीच काय ओरडनार नायत."

मी हो म्हणालो. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. रिक्षावाल्याला सुटे नाहीत म्हटलं तरी मला दिवसभर चुटपुट लागते. अशा माणसानं हे काम अंगावर घ्यायलाच नको होतं.

दर रविवारी मी कर्जतहून माझी स्कूटर घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि त्यांना मागे बसवून शोधाला निघायचो. निघण्याआधी, म्हणजे शनिवारीच, ज्या दुकानात जायचं तिथे फोन करून ठेवायचो. असे असे गृहस्थ येतील, अमुक बोल्ट मागतील, असला तरी नाही म्हणा, त्यांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. माणसं भली होती. कुणी खोदून विचारलं नाही. चौक गावच्या दुकानदाराला मात्र अभिनय अजिबात येत नव्हता. साडू दुकानात शिरून जेमतेम टेकतात तोच, त्यांनी काही मागायच्या आत, तो हात जोडून म्हणाला, "नाय हो काका, तसला बोल्ट आता जगात नाय." साडूंनी शांतपणे विचारलं, "कसला रं?" तो माझ्याकडे बघू लागला आणि मी दुकानातले टायर बघू लागलो.

खरं म्हणजे साडू असे एकदम बोल्टवर कधीच यायचे नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी नात्यातली आणि ओळखीतली कितीतरी लग्नं जुळवली होती, आणि बोल्ट शोधायची त्यांची रीतही स्थळ बघायला गेल्यासारखीच होती. आधी बसायचं, पाणी घ्यायचं. मग गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, भात कसं झालं, थोरली कुठं दिली. चहा झाला की मग खिशातून तपकिरीची जुनी डबी निघायची. तिच्यात तेलात भिजवलेल्या कापसावर शाबूत राहिलेल्यांपैकी एक बोल्ट आणि त्याचा नट निजवलेला असायचा. मधे पायरीसारखा खांदा, पुढे अगदी बारीक आटे. तो बोल्ट ते कुणाच्या हातात देत नसत. स्वतःच्या तळहातावर धरून दाखवत आणि समोरच्यानं बोट पुढे केलं की मूठ मिटत. "बघा नुसतं. हात लावू नका, घाम लागतो." दुकानदारानं ठरल्याप्रमाणे नाही म्हटलं की चेहरा जराही न पाडता म्हणत, "असू द्या. योग नाय. तुमच्या धाकट्या भाचीचं मात्र माझ्या ध्यानात हाय हां."

खोपोलीच्या एका लेथवाल्या मुलानं एकदा सांगितलं की काका, नमुना ठेवून जा, तासाभरात हुबेहूब करून देतो. मी घाबरलो, कारण या पोराला फोन करायचं मला सुचलंच नव्हतं. पण साडूंनीच मान हलवली. "तो दत्तक झाला. आपल्याला रक्तातला पायजे."

रस्त्यात कुठलीही जुनी मोटारसायकल दिसली की ते माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मी स्कूटर थांबवायचो. लग्न, साखरपुडा, बारसं, कुठेही गेले तरी आधी बाहेर लावलेल्या गाड्यांची मागची चाकं बघून मग मांडवात यायचे. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे काका ओरडत आले की माझ्या गाडीखाली कोण शिरलंय. साडू उकिडवे बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मुलीकडचा हाय. तुमची चौकशी करतोय."

पण खरी कमाल त्यांनी केली ती उल्हास नदीच्या काठी, एका दहाव्याला. वीजघरातले त्यांचे एक जुने सोबती गेले होते. त्यांच्याकडे याच जातीची मोटारसायकल होती, गोठ्यात उभी, पाचही बोल्ट जागच्या जागी. साडूंना मित्राचं दुःख खरंच झालं होतं, हे मी बघितलंय. पण जाताना डबी खिशात होती, हेही बघितलंय. पिंड ठेवला. कावळे समोरच्या उंबरावर येऊन बसले आणि बसूनच राहिले. मुलगे एकेक वचन देऊ लागले. आईला सांभाळू, घराचं काम पुरं करू, भावाभावांत वाद करणार नाही. कावळे हलेनात. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. तेव्हा साडू पुढे झाले, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "जा रं बाबा निवांत. तुझ्या गाडीचा बोल्ट मी मागनार नाय."

एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

तिथे हसणं शोभणारं नव्हतं. पण गेलेल्या माणसाच्या बायकोनंच रडता रडता पदर तोंडाला लावला आणि मग कुणालाच आवरलं नाही. नंतर मुलगे स्वतःहून म्हणाले, काका, घेऊन जा बोल्ट, आम्हाला काय करायचेत. साडूंनी ऐकलं नाही. त्याला शब्द दिलाय म्हणाले. परत येताना मला इतकं हलकं वाटलं की माझीच लाज वाटली. एका माणसाच्या दहाव्याहून मी सुटकेचा श्वास टाकत निघालो होतो.

असे बरेच महिने गेले. साडूंची नजर आणखी आखडली. जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची चटणी दिसायची नाही, चालताना खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. मात्र तळहातावरच्या बोल्टचे आटे त्यांना अजून दिसायचे. आणि इकडे माझ्या फितुरीला फळं येऊ लागली होती. चौकच्या त्या दुकानदाराच्या भाचीचं लग्न साडूंनी खरोखरच जुळवलं. लग्नात त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुमी सांगितलं म्हणून मी त्या माणसाशी तोंडावर खोटं बोललो, आनि त्यांनी आमचं एवढं केलं. आता मला त्यांच्याकडं बघवत नाय." मी त्याला ताईंचं म्हणणं समजावून सांगितलं. ते मला स्वतःला किती पटत होतं हे नक्की सांगता येणार नाही. त्यांचा जीव वाचवत होतो हे खरं होतं. त्यांना दर रविवारी फसवत होतो हेही तितकंच खरं होतं. त्यातलं एक दुसऱ्यानं पुसलं जाईल असं मला वाटायचं. ते कधी पुसलं गेलं नाही.

मग गेल्या थंडीत आम्ही खोपोलीला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या दुकानात गेलो. मालकांना शनिवारी फोन झाला होता. पण रविवारी ते अचानक कुठल्या मयताला गेले आणि गल्ल्यावर त्यांची सून होती. तिला काहीच माहीत नव्हतं. साडूंनी रीतसर माहेरचं गाव विचारलं, वावोशीकडची निघाली, तिथले दोन-चार ओळखीचेही निघाले. डबी उघडली. तिनं वाकून बघितलं, "थांबा हां काका" म्हणाली आणि अगदी खालच्या कप्प्यातून एक पत्र्याचा डबा काढला. तेलकट कागदात गुंडाळलेले बोल्ट होते. न वापरलेले. खांदा होता, बारीक आटे होते.

मी साडूंच्या उजव्या अंगाला, जरासा मागे उभा होतो. तिथला मी त्यांना दिसत नव्हतो. मला मात्र त्यांचे हात दिसत होते. त्यांनी एक बोल्ट उचलला, बोटानं पुसला, डबीतला नट काढून त्यावर लावला आणि फिरवायला लागले. नट अडला नाही. दोन बोटांच्या हलक्या चिमटीनं तो आट्यांवरून फिरत फिरत थेट खांद्यापर्यंत गेला आणि तिथे टेकला. साडू थांबले. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरून ठेवला. माझ्या मनात ताईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव सुरू झाली होती.

मग त्यांनी नट उलटा फिरवायला सुरुवात केली. पूर्ण काढला. नट डबीत ठेवला, बोल्ट पुन्हा त्याच्या कागदात नीट गुंडाळला आणि म्हणाले, "नाय बाय. आटे जमत नायत."

ती म्हणाली, "आवो काका, शेवटपर्यंत गेला की."

"वरवर जातो गं. चाकाचं काम हाय. मानसं असतात रस्त्यावर." मग जरा थांबून म्हणाले, "टाकू नको मात्र. ठेव. कुनाला तरी लागंल."

चहा घेतला आणि आम्ही निघालो. खोपोली मागे पडली. मला विचारायचं होतं की दादा, हे कधीपासून? आधीच्या दुकानांत मी फोन केले नसते तर तुम्ही असंच म्हणाला असता का? माझे फोन तुम्हाला ठाऊक होते का? स्कूटर चालवताना यातलं काहीच विचारता येत नाही, आणि मी थांबलो नाही. शेवटी तेच मागून म्हणाले, "साडूभाऊ, पेणला आपण अजून गेलो नाय. फुडच्या रविवारी जमंल ना तुमाला?" मी म्हटलं, जमेल.

ताई दारातच होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि मी नाही अशी मान हलवली. त्या निर्धास्त होऊन पानं घ्यायला आत गेल्या. ताईंना मी अजूनही त्या दुकानाचं काही सांगितलेलं नाही. त्यांच्यापासून मी आजवर एकच गोष्ट लपवली, ती हीच.

पेणला आम्ही जाऊन आलो. त्यानंतरही आम्ही जातो. शनिवारी फोन करणं मी सोडून दिलं आहे. दुकानात शिरताना त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागू नये म्हणून. साडू पाणी घेतात, मामाचं गाव विचारतात, भाताचं विचारतात. बोलता बोलता मधूनच त्यांचा हात बाजूला येतो आणि मी तिथे आहे ना, हे चाचपून परत जातो.