बैसाणे भाऊंनी पुसलेली हजेरी

यंदा, १९९३ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जळगावातल्या आमच्या डाळ मिलने वसंत बैसाणे यांना फाटकातूनच परत पाठवलं. ते मिलमधले एकमेव कॉम्प्युटर ऑपरेटर. गुन्हा काय, तर ते सरकारी अधिकाऱ्यासमोर खरं बोलले.

भाऊ मूळचे धुळ्याकडचे. अंगाने बारीक, स्वभावाने तिरसट. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून आला तर मालकालाही बाहेर काढत. मी युनियनची पत्रकं लिहितो. मला म्हणत, "तुनी शाई जास्त शे, माहिती कमी शे." मला राग यायचा. अजूनही येतो.

कॉम्प्युटर आला तसं मिलने हजेरीचं कागदी रजिस्टर बंद केलं. डाळ निवडणाऱ्या बायांची हजेरी भाऊ मशीनमध्ये भरत आणि संध्याकाळी तिची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, त्यातच ठेवत. जागा थोडी. म्हणून त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता: सकाळी मशीन सुरू झालं की तारखेने सर्वांत जुनी प्रत आपोआप पुसली जायची. त्याचा त्यांना भारी अभिमान.

एका दुपारी मध्येच वीज गेली आणि हजेरीची मूळ फाईल बिघडली. भाऊंनी बॅकअप उघडले, तर होळीनंतरची एकही प्रत नाही. बाया त्याच वर्षी कायम व्हायच्या होत्या. मॅनेजरला आयतंच सापडलं. "कॉम्प्युटरमध्ये नाहीत म्हणजे कामावर आल्या नाहीत. न आलेल्यांना कायम कसं करायचं?"

कमलअक्का निवडणीतल्या सगळ्यांत जुन्या. त्या थेट भाऊंच्या खोलीत गेल्या, चपला बाहेर काढून. "भाऊ, तुना डबामा मी नही का? मंग रोज दाय कोन निवडे, मनं भूत?"

भाऊंनी आधी व्हायरसवर संशय घेतला, मग डिस्कवर, मग हिशेबाच्या कारकुनावर. त्या कारकुनाशी ते दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी एका संध्याकाळी नवी प्रत काढून तिची तारीख पाहिली. पडद्यावर १९८० साल. मशीनमधल्या घड्याळाची बॅटरी मेली होती. मशीन बंद झालं की तारीख मागे जायची, आज काढलेली प्रत सर्वांत जुनी ठरायची आणि दुसऱ्या सकाळी भाऊंचाच प्रोग्राम ती पुसायचा. खरं तर असं मशीन सुरू होताना माणसाला तारीख विचारतं. कारकून त्याला वैतागायचे, म्हणून भाऊंनीच तो प्रश्न बंद करून टाकला होता.

युनियनच्या तक्रारीवरून सरकारी कामगार अधिकारी चौकशीला यायच्या आधी मॅनेजरने भाऊंना बोलावलं. "बाया आल्या नव्हत्या, एवढंच म्हण. तुझी चूक आम्ही झाकू." मीही माझं पत्रक घेऊन गेलो. त्यात एक वाक्य होतं: सगळा दोष मालकाचा. भाऊंनी ते वाचलं. "ते वाक्य काढी टाक."

"भाऊ, बॅटरी मालकाने बदलायची."

"आनि तारीखना प्रश्न कोनी बंद करा? मी. मनी चूक शे, तर मनी म्हनीसनच लिख."

अधिकाऱ्यांसमोर त्यांनी मशीन बंद केलं, चालू केलं, प्रत काढली, पुन्हा बंद-चालू केलं. प्रत गायब. "बाया गायब नव्हत्या," ते म्हणाले, "हजेरी मी पुसली." पुढे अधिकाऱ्यांनी बायांच्या साक्षी घेतल्या आणि त्या कायम झाल्या, कमलअक्काही. भाऊंना मात्र पोळ्याची सुट्टी संपताच फाटक बंद झालं, 'निष्काळजीपणा' म्हणून. ज्या बॅटरीमुळे हे घडलं, ती कुणाच्या निष्काळजीपणाने मेली, हे मिलने सांगितलेलं नाही.

भाऊ धुळ्याला टायपिंगचे क्लास घेतात. तिथेही चपला बाहेरच काढाव्या लागतात. हे पत्रक काढू का, असं त्यांना विचारलं नाही. ते नाहीच म्हणाले असते. म्हणून तुम्हाला सांगतो. येत्या सोमवारी पहिल्या पाळीच्या भोंग्याला मिलच्या फाटकाशी या. कायम झालेल्या सगळ्या बाया तिथे असतील. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि भाऊंना परत घेतल्याचं मॅनेजरच्या तोंडून ऐकल्याशिवाय हलू नका.