सुतारकाकांची सोमवारची सही

तिला सगळे सहीताई म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने ठेवलेलं नाव नव्हतं. लोकांची कराची विवरणपत्रं भरून देणं हा तिचा धंदा. विवरणपत्र कॉम्प्युटरवरून खात्याकडे पाठवण्याआधी गिऱ्हाइकाने ते वाचून संमतीपत्रावर सही करायची, असा नियम. या धंद्यातले बाकीचे तो उरकून टाकायचे. ही मात्र स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवायची, एकेक आकडा वाचायला लावायची, मग सही आणि खाली त्याच्याच हाताने तारीख. "लग्न ठरताना माझी एवढी चौकशी झाली नव्हती," असं बेकरीवाल्याने एकदा ऐकवलं. तिने नुसतं पेन पुढे केलं.

अपवाद एकच, सुतारकाका. तिचं ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट नावाला आणि काकांचे गुडघे कामातून गेलेले. तिचं टेबल त्यांनीच बनवलेलं. त्याचा एक खण पहिल्या दिवसापासून अडकायचा आणि त्यावरून दोघांची दरवर्षी जुंपायची. कागदपत्रं द्यायला ते कसेबसे जिना चढायचे, पुन्हा सहीसाठी म्हाताऱ्याला कशाला चढवायचं? म्हणून त्याच दिवशी ती कोऱ्या संमतीपत्रावर त्यांची सही घेऊन ठेवायची. काम झालं की फोनवर आकडे वाचायची, ते "पाठव पोरी" म्हणायचे, मग तारीख ती टाकायची.

यंदा सोमवारी काकांनी फोन उचललाच नाही. कामं तुंबली होती आणि आकडे बरेचसे गेल्या वर्षीचेच होते. तिने सोमवारची तारीख टाकली आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे गेले गं. रविवारी, झोपेतच."

"रविवारी? पण मी तर सोमवारची सही..." सहीताईच्या तोंडून निघून गेलं. पुढचं तिने गिळलं. काकूंनी तिच्याकडे बघितलं, सगळं विचारून घेतलं आणि उलट तिलाच पाणी दिलं. आपलं माणूस जाऊन दोन दिवस झालेली बाई आपली समजूत काढतेय, याची तिला फार लाज वाटली. पण भीती त्या लाजेपेक्षा मोठी होती.

त्याच आठवड्यात खात्याचा निरोप आला. अधिकारी येणार, संमतीपत्रं तपासणार. मेलेल्या माणसाची सही दाखवली म्हणून परवाना गेला, तर घर चालायचं कशावर?

"दोन दिवस मागे घे तारीख. शनिवार कर. कोण बघतंय?" नवरा म्हणाला.

तिने तो कागद पुढ्यात घेतला. काकांची थरथरती सही आणि तिच्याखाली आपलं ठसठशीत अक्षर. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. हातच चालेना. कागद तिने अडकणाऱ्या खणात टाकला, मग तेही भलतंच वाटून परत फाईलमध्ये लावला. त्यानंतर जिन्यावर पाऊल वाजलं की ती आधी त्या फाईलकडे बघायची.

अधिकारी आला तो अगदी मवाळ बोलणारा. त्यानेच ती जास्त घाबरली. फाईल चाळून त्याने मधलीच काही पत्रं उपसली आणि एकेका गिऱ्हाइकाला स्पीकरवर फोन लावू लागला. बेकरीवाला म्हणाला, "सही? अहो, घाम काढला त्यांनी माझा!" अधिकारी हसला. पुढचं पत्र काकांचं होतं.

काकांचा फोन वाजत राहिला. तो काकूंनी उचलला.

"सोमवारी त्यांनी संमतीपत्रावर सही केली होती का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"केली की," काकू म्हणाल्या. "माझ्यासमोर."

"जरा त्यांना देता का?"

काकू हळूच म्हणाल्या, "आत्ता झोपलेत हो. उठवत नाही."

"राहू द्या, राहू द्या," म्हणत अधिकाऱ्याने फोन ठेवला, पत्रावर बरोबरची खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. "काम चोख आहे तुमचं."

सुटले, असं तिला वाटायला हवं होतं. पण काकू आता त्या घरात फोन हातात धरून एकट्याच बसल्या असतील, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्या घाईपायी त्या बाईला गेलेल्या नवऱ्याला झोपलेला म्हणावं लागलं. तिने काकांच्या पत्रावर बोट ठेवलं.

"साहेब, काका झोपलेले नाहीत. रविवारीच वारले. ती तारीख मी टाकलीय. काकूंना यात ओढू नका."

अधिकाऱ्याने तिच्याकडे बघितलं, खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.