हसल्याशिवाय चष्मा पास नाही

चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षं फ्रेमा बसवणाऱ्या त्या कारागिराला सगळे नाकमास्तर म्हणत. माणूस दारात आला की हे आधी त्याच्या नाकाकडे बघणार, मग नमस्कार. फ्रेम गरम करून काड्या वाकवायच्या, नाकावरच्या गाद्या सारख्या करायच्या आणि शेवटी गिऱ्हाइकाला हसवायचं. हसताना गाल वर येतात; तरी चष्मा जागचा हलला नाही, तरच काम पास. गिऱ्हाईक फारच रडकं निघालं, तर मास्तर स्वतःचा पडलेला दात दाखवायचे.

असा पक्का माणूस घरच्याच बाबतीत घसरला. त्यांच्या ताईला आताशा ऐकू येत नव्हतं. कानातल्या यंत्रानेही भागेना. चार माणसं बोलायला लागली की ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. म्हणून समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरांत दाखवणारे स्मार्ट चष्मे दुकानात आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत झगझगीत पडद्याचा उचलला. अक्षरं इतकी ठसठशीत, की मास्तर हरखले आणि ताईला हसवायचंच विसरले.

आठवड्याने चष्मा कपाटात आणि ताईच्या नाकावर दोन लाल वळ. मास्तरांनी कागदावर लिहून विचारलं, का घालत नाहीस?

“अरे, दिसतं झकास. पण नाकावर इस्त्री ठेवल्यासारखं वाटतं रे. तुझं मन कशाला मोडा, म्हणून बोलले नाही.”

मास्तरांना स्वतःचाच राग आला. गावभरची नाकं सांभाळली आणि सख्ख्या बहिणीचं विसरलो!

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बदलून हलका आणला. त्याची अक्षरं फिकट हिरवी, एका वेळी दोनच ओळी, उन्हात तर दिसेनाशीच. मास्तरांचं तोंड वाकडं झालं. तरी त्यांनी काड्या तीनदा वाकवल्या. ताईने आपली खुर्ची उचलून खिडकीकडे पाठ करून ठेवली.

रविवारी सगळे जेवायला बसले. मास्तरांची सून सांगत होती, “साहेब मीटिंगमध्ये चक्क घोरत होते. दचकून जागे झाले आणि म्हणाले, मंजूर!”

सगळे हसले. त्यांचं हसून झालं आणि मग, अक्षरं पोचल्यावर, ताई एकटीच खो खो हसत सुटली. मास्तरांनी सवयीने आधी नाकाकडे पाहिलं. चष्मा जागचा हलला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

“पुढे सांग ना गं,” ताई सुनेला म्हणाली, “मंजूर काय केलं मेल्याने?”

त्या दिवशी भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती.