आईच्या नाकातला पुरावा

माझी आई जानेफळच्या अंगणवाडीतून निवृत्त झाली, तेव्हा एकरकमी मिळालेल्या पैशांतून तिनं स्वतःसाठी नाकातला हिरा घेतला. आम्हा भावंडांना विचारलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "आई, अगं एफडी करायची." ती म्हणाली, "एफडी नाकात घालता येते काय वं?"

हिरा शहरातल्या मोठ्या दुकानातला. सोबत चकचकीत कार्ड. त्यावर रंग 'ई' लिहिलेला, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ. आईला एवढंच कळलं की आपला हिरा वरच्या दर्जाचा आहे, आणि आठवडाभरात गल्लीतल्या सगळ्या बायांना ते कळलं. समोर राहणाऱ्या माझ्या काकूला, म्हणजे आईच्या जावेला, तर रोज नव्यानं कळायचं. "एक नंबर आहे," आई नाक वर करून सांगायची.

मग हिऱ्याची फिरकी ढिली झाली. मी चिखलीला शाळेत शिकवते. तिथल्या ओळखीच्या सोनाराकडे आईला घेऊन गेले. त्यानं फिरकी नीट करताना हिरा भिंगाखाली धरला, कार्ड वाचलं, पुन्हा हिरा पाहिला. "हिरा अस्सल आहे मॅडम, पण 'ई' नाही. चांगलाच पिवळसर आहे."

आईचा चेहरा पडला. मला वाटलं, पैशांचं दुःख. पण परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "म्या साऱ्या गावाले सांगतलं, एक नंबर आहे म्हणून." ज्या गावात तिनं सांगितलेलं लेकराचं वजन आया डोळे झाकून मानायच्या, त्या गावात तिच्या तोंडून खोटं गेलं होतं. तिला झोंबलं होतं ते हेच. आणि काकूला अजून काही माहीत नव्हतं.

मी दुकानात फोन केला. "एवढा फरक चालतोच मॅडम," असं गोड उत्तर मिळालं. मी चिडले, आणि चिडले की मी वाचायला बसते. रंगाच्या दर्जात एखाद्या पायरीचा फरक तपासणाऱ्याच्या मतावर सोडतात, हे खरं होतं. पण आमचा हिरा अख्खा जिना उतरला होता. दर्जा एक सांगून दुसराच दिला, तर माल बदलून मागता येतो, पैसे परत मागता येतात, नुकसानभरपाईही मागता येते. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते आणि वकील लागतोच असं नाही. पक्कं बिल आणि कार्ड आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलेलं. आम्ही बुलडाण्याला ग्राहक आयोगात तक्रार दिली.

तिथं सांगण्यात आलं की हिरा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. म्हणजे पुरावा आईच्या नाकात, आणि आई म्हणे, "मी नाई देत. तिकडं बदलला तं?" सीलवर दोन्ही बाजूंच्या सह्या असतात हे मी तिला बुलडाण्याहून मेहकर येईपर्यंत समजावत होते. शेवटी ती तयार झाली. भोक बुजू नये म्हणून तिनं नाकात कडुलिंबाची काडी खोवली आणि ती काडी घेऊनच लग्नकार्यांत मिरवली.

काकूनं विचारलंच, "हिरा कुठी गेला वं?"

"तपासणीले."

"काऊन? बिमार आहे काय?"

आई नाकावर पदर ओढून घरात निघून गेली. माझी आई कुणापुढून माघार घेते हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला काकूचा राग आला आणि हसूही आलं.

अहवाल आला. रंग 'के', 'ई'पासून सहा पायऱ्या खाली, म्हणजे पिवळी झाक. मग दोन्ही बाजूंना तडजोडीसाठी समोरासमोर बसवलं. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला लाघवी. "मावशी, खरं सांगा, नुसत्या डोळ्यांना फरक दिसतो का?"

आईनं नाकातली काडी सावरली. "लेकराचं वजन दिसते काय डोळ्यानं? म्हणून तं काटा असते. आमच्या तक्त्यात धडधाकट लेकरू हिरव्या पट्ट्यात, वजन कमी असलं का पिवळ्या. लोक म्हनायचे, पिवळे कमी दाखवा बाई. म्या पिवळं लेकरू हिरव्यात कधी टाकलं नाई. तुमी काऊन टाकलं?"

दुकानदार पाण्याचा ग्लास शोधू लागला. मग त्यानं सांगितलं, कार्डाप्रमाणे खरा 'ई' हिरा देतो, नाहीतर सगळे पैसे परत देतो, किंवा हाच ठेवा, फरक देतो आणि कार्ड दुरुस्त करून देतो. मी टेबलाखालून आईचा पाय दाबला.

"नव्या कार्डावर खरं लिवता?" आईनं विचारलं.

"हो."

"मंग हाच द्या."

"आई, अगं चांगला मिळतोय तर!" मी वैतागले.

"पिवळं लेकरू कोनी बदलून घेते काय वं?" ती म्हणाली.

नवं कार्ड हाती पडलं त्या दिवशी आम्ही जानेफळला उतरलो, तेव्हा काकू ओट्यावर तूर पाखडत बसली होती. आईनं तिथंच उभ्या उभ्या काडी काढून फेकली, हिरा घातला, फिरकी आवळली.

"आला काय बरा होऊन?" काकू म्हणाली. "एक नंबर?"

"नाई. पिवळा आहे," आई म्हणाली, पूर्वीच्याच ऐटीत. मग तिचा आवाज उतरला. "मांगच्या बारीले म्या तुले खोटं सांगतलं होतं. मले माहीत नव्हतं."

काकूनं सूप खाली ठेवलं. जवळ येऊन आईचं नाक बराच वेळ निरखलं.

"ते मले काय समजते," काकू म्हणाली. "तू म्हनते तं पिवळाच असंन. बस, चा ठेवतो."