बारा वाजताची ओ

भूतबीत, करणी, लागीर... असल्या भानगडींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. पोलिसात तीस वर्षं काढलेला माणूस मी. कुणी असलं काही सांगायला लागलं की तोंडावर हसायचो. आज लिहितोय, कारण यात एका म्हातारीचा जीव गेलाय आणि कुलूप मी लावलं होतं.

दुष्काळाचं वर्ष. मी आष्टीला कॉन्स्टेबल. तिथल्या एका सहकारी सोसायटीच्या कॉलनीत छोटी बाग होती. गावातले बोअर आटले तरी बागेतल्या बोअरला थोडं पाणी होतं. नळावर रोज भांडणं, एकदा तर डोकी फुटली. मग ठरलं — दुपारी बारा ते चार नळ बंद, बाग बंद. बाग रिकामी करायची ड्युटी माझ्याकडे. शिट्टी मारायची, "कोन हाय का आत?" असं तीनदा ओरडायचं, मग बागेचे माळी गफूरचाचा कुलूप घालायचे.

एका सोमवारी तिसऱ्या हाकेला आतून ओ आली. "थांबा... म्या हाय आत." बाईचा आवाज, वयस्कर.

आत गेलो. बाकं, झोपाळे, मेंदीचं कुंपण — सगळं पालथं घातलं. चिटपाखरू नाही! मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी घाम पुसता पुसता मी शिव्याच घातल्या. टवाळ पोरं भिंतीआडून थट्टा करतायत, अशी माझी खात्री झाली होती.

"जमादार, आवाज मला बी येतो," चाचा म्हणाले. "पर मानूस कुठं हाय?"

शुक्रवारी पुन्हा ओ आली. तेच शब्द. माझं डोकंच फिरलं. "बस बोंबलत!" म्हणालो. चाचा घुटमळले, "एक चक्कर मारून येऊ का?" मी त्यांच्या हातातलं कुलूप हिसकावलं आणि लावून टाकलं.

चारला उघडलं. मेंदीमागं म्हातारी आडवी पडलेली. सावली कधीच सरकून गेली होती. अंगाला हात लावला तर चटका बसला... जीव नव्हता.

तेवढ्यात तिची लेक धावत आली. घाटनांदूरकडची, ऊसतोडीवरून परतणारी. ट्रकनं दोघींना त्याच सकाळी आष्टीत सोडलेलं. आईला बागेत मेंदीच्या सावलीत बसवून ती एसटीची चौकशी करायला गेली होती. परत आली तर गेटला कुलूप. पोलिसांनी बाहेर काढलं असेल, असं वाटून आईला बाजारभर शोधत फिरली.

रडून रडून थकल्यावर तिनं विचारलं, "सायेब, हाक मारली व्हती का वो?"

"मारली. तीनदा."

"ओ न्हाई आली?"

"न्हाई," मी म्हणालो. चाचा माझ्याकडे बघतच राहिले.

तिनं पदरानं डोळे पुसले. "मंग तुमचा काय दोष, सायेब... माय जन्माची मुकी-बहिरी. तिला शिट्टी बी ऐकू येत न्हाई, अन् ओ कुठून देनार?"

पंचनाम्यातही मी तेच लिहून दिलं — आवाज दिला, उत्तर आले नाही.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. कुणाचा होता, म्हातारी गावात यायच्या चार दिवस आधीपासून का येत होता... मला आजही सांगता येत नाही. जाताना त्या लेकीनं मला हात जोडले. आणि मी तो नमस्कार घेतला.