आवाज पडला का?

राधानगरी धरणाच्या फुगवट्यावर पूल झाला नव्हता, तेव्हा आमचे आबा तिथली लाँच चालवत. एकदा तिचं जुनं डिझेल इंजिन अडखळायला लागलं, म्हणून कोल्हापुरातून, मंगळवार पेठेतून एक मिस्त्री आले. पान्हा काखेत धरून तंबाखू मळायचे. नाव विचारायचं राहूनच गेलं.

इंजिन चालू ठेवून ते एकेका सिलिंडरच्या डिझेल नळीचा नट ढिला करू लागले. आवाज पडला, म्हणजे इंजिनाची धडधड मंदावली, तर ते सिलिंडर चांगलं, नाही पडला तर बिघाड तिथंच.

"आवाज पडला का?"

त्यांच्या ओठांकडे बघत आबा दर वेळी म्हणत, "पडला की."

शेवटी मिस्त्रींनी नटाला हातही न लावता विचारलं.

"पडला की."

आबांना ऐकू येत नाही, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं, आणि लाँचचे मालक काठावरच उभे होते.

मिस्त्रींनी एकदा काठाकडं पाहिलं. मग आबांचा तळवा धरून इंजिनावर टेकवला आणि मालकांना ऐकू जाईल असं ओरडले, "ह्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येतंय, पावणं? हात ठेवा हितं. हाताला कळतंय की!"

पुन्हा पहिल्यापासून नट ढिले केले. तिसऱ्याला आबाच ओरडले, "ह्योच! जरा बी फरक न्हाय!"

आता पूल आहे, लाँच नाही. मी फटफटी अंगणात आणली, की आबा अजून टाकीवर तळवा ठेवून उभे राहतात. परवा त्यांचा तळवा टाकीवर असतानाच मी गाडी बंद केली. माझ्याकडं न बघताच ते म्हणाले,

"पडला की."